क्लिकचे दान आणि वर्गणीचा हिशेब

ऑनलाइन दानाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यात दोन सूर ऐकू येतात. पहिला कौतुकाचा. घरबसल्या बटण दाबावे आणि पैसा गरजवंताच्या खात्यात पोहोचावा, याहून मोठी सोय ती कोणती? दुसरा सूर नाराजीचा. ज्यात पदरमोड नाही, घाम नाही, गरजवंताच्या दारापर्यंत चार पावले चालणे नाही, ते दान कसले? दोन्ही सूर परस्परविरोधी वाटतात. पण दोघांची नजर एकाच माणसावर आहे आणि तो माणूस देणारा आहे. त्याची सोय झाली का, त्याला कष्ट पडले का, त्याचे पुण्य खरे की खोटे, एवढीच चर्चा होते. घेणाऱ्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. या लेखात तो विचारायचा आहे.

मी माजरीत राहतो. भद्रावती तालुक्यातले हे कोळशाचे गाव. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावरचे जंक्शन. इथून वणीकडे फाटा फुटतो. जवळच वरोरा आणि वरोऱ्याला लागून आनंदवन. पूर्वेला धानाचा आणि जंगलाचा मुलूख, त्याच्या पलीकडे गडचिरोली. बाहेरून येणाऱ्या मदतीचे जितके प्रकार असू शकतात तितके या पट्ट्याने गेल्या पाऊणशे वर्षांत पाहिले आहेत. म्हणून हा प्रश्न तपासायला मला दूर जावे लागत नाही. फक्त सुरुवात दूरच्या एका उदाहरणापासून करावी लागते, कारण बिनकष्टाच्या दानाचा नमुना तिथे सर्वांत शुद्ध स्वरूपात सापडतो.

१

१९९९ साली अमेरिकेतल्या जॉन ब्रीन या संगणक प्रोग्रामरने ‘द हंगर साइट’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तिथे जाऊन एक बटण दाबायचे. पानावर जाहिराती दिसायच्या आणि जाहिरातदार त्या क्लिकपोटी भुकेल्यांच्या अन्नासाठी थोडी रक्कम द्यायचे. बटण दाबणाऱ्याचा एक पैसाही खर्च होत नसे. पुढे ऑक्टोबर २००७ मध्ये ब्रीन यांनीच ‘फ्रीराइस’ सुरू केले. इथे इंग्रजी शब्दांचे अर्थ ओळखायचे. उत्तर बरोबर आले की तांदळाचे १० दाणे जागतिक अन्न कार्यक्रमाच्या खात्यावर जमा. मध्यंतरी हा आकडा २० वर गेला, पुन्हा १० वर आला. २००९ मध्ये ब्रीन यांनी हे संकेतस्थळ जागतिक अन्न कार्यक्रमालाच देऊन टाकले.

आम्ही धानाच्या जिल्ह्यातली माणसे. दाणे मोजायची भाषा निघाली की हिशेब आपोआप सुरू होतो. तांदळाचा दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा धरला, तर एका किलोत ५० हजार दाणे बसतात. बारीक तांदूळ असेल तर आणखी जास्त. एका माणसाच्या एका वेळच्या भाताला १०० ग्रॅम तांदूळ लागतो असे समजू. म्हणजे ५ हजार दाणे. म्हणजे ५०० बरोबर उत्तरे. एका ताटासाठी इंग्रजीचे ५०० शब्द.

हे सगळे हसण्यावारी नेऊ नये. या मार्गाने १०० अब्जांहून अधिक दाणे जमा झाले. १०० अब्ज दाणे म्हणजे वरच्या मापाने सुमारे २ हजार टन. दिवसाला ४०० ग्रॅम धरले तर साडेतेरा हजार माणसांचे वर्षभराचे धान्य. ज्यांनी ते खाल्ले त्यांच्या पोटात ते खरोखर गेले. खेळ खेळणाऱ्याला घाम आला की नाही याच्याशी त्या पोटांना काही कर्तव्य नव्हते. बिनकष्टाचे दान म्हणजे खोटे दान, हा नाराजीचा सूर इथेच निकालात निघतो.

पण आता तोच आकडा आपल्या गावच्या मापाने मोजून पाहू. माजरीच्या सायडिंगवरून निघणाऱ्या कोळशाच्या एका रेकमध्ये साडेतीन ते चार हजार टन माल असतो. २ हजार टन म्हणजे अर्धी मालगाडी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यानुसार प्राधान्य गटातल्या माणसामागे महिन्याला ५ किलो धान्य मिळते. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार होती. या सगळ्यांना राशनच्या मापाने धान्य द्यायचे ठरवले तर ती अर्धी मालगाडी अकरा दिवसांत संपते. जगभरातल्या लोकांनी कित्येक वर्षे केलेल्या क्लिक एका बाजूला आणि एका जिल्ह्याचे अकरा दिवसांचे राशन दुसऱ्या बाजूला.

आकारातला फरक दिसतोच. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा फरक वेगळा आहे. राशन दुकानात माप कमी भरले तर बाई दुकानदाराशी भांडते, तहसीलदाराकडे अर्ज करते, ग्रामसभेत बोलते. ते धान्य तिला कमी पडेल, निकृष्ट असेल, उशिरा येईल. पण ते का आले नाही हे विचारायला तिला जागा आहे. क्लिकच्या दाण्याबद्दल विचारायला जागा नाही. उद्या जाहिरातदार गेला, खेळणारे कंटाळले आणि दाणे २० वरून १० वर आले, तर ज्याच्या ताटातले ते कमी झाले त्याला पत्ताही लागत नाही.

२

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण ते हल्ली एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. एक दान, दुसरा वर्गणी. दान दिले की विषय संपला. दिलेल्या दानाचा हिशेब मागू नये असाच संकेत आहे. वर्गणीचे तसे नाही. वर्गणी देणारा त्या कामात सामील होतो. गणपती मंडळाला १०० रुपये देणारा माणूसही जमाखर्चाचा कागद मागतो आणि मांडव कुठे घालावा यावर मतही देतो. प्रस्तुत अंकाचे वाचकही वर्गणीदार आहेत. अंक दिवाळीनंतर पोहोचला तर संपादकांना खरमरीत पत्र लिहायचा त्यांचा हक्क त्यातूनच येतो.

क्षुल्लक रकमेने, जवळजवळ बिनकष्टाने पैसा गोळा करण्याचा महाराष्ट्रातला मोठा प्रयोग वर्गणीचाच होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने पैसा फंडाची कल्पना गावोगाव नेली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभे राहावेत. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. तेव्हाच्या हिशेबात ६४ पैशांचा रुपया. चौसष्ट माणसांनी वर्षभराची वर्गणी दिली तर एक रुपया हातात यायचा. पैसा त्या काळीही क्षुल्लकच होता. आजच्या नाराज टीकाकाराने तेव्हाही विचारले असते की वर्षाला एक पैसा फेकून देशसेवा होते काय?

झाली. १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. तिथे कारागीर शिकले आणि पुढे देशात इतरत्र काचधंदा वाढवण्यात त्यांचा हात लागला. पैसा देणारा आणि त्या पैशाचा लाभ घेणारा हे दोन वेगळे वर्ग इथे नव्हते. पैसा ज्या समाजाने दिला त्याचीच मुले कारखान्यात शिकली, काच त्यांच्याच घरात आली आणि फंडाचे काय चालले आहे हे विचारण्याचा अधिकारही त्यांचाच होता.

म्हणून रक्कम लहान आहे किंवा देणे सोपे आहे, एवढ्यावरून मदतीचे मोल ठरवता येत नाही. माझी कसोटी अशी आहे: ज्याच्या नावाने पैसा गोळा झाला, त्याला त्याबद्दल बोलता येते का? काय हवे हे त्याने सांगितले का, आणि ते मिळाले नाही तर तो हिशेब मागू शकतो का? पुढची उदाहरणे मी या कसोटीवर लावून पाहतो.

३

आनंदवनाची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायची गरज नाही. १९४९ मध्ये बाबा आमटे, साधनाताई, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात १४ रुपये, अशी सुरुवात झाली. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते उद्घाटन झाले. दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो ही बाबांची भूमिका तर त्यांच्या नावाशी जोडलेलीच आहे. पण या भूमिकेचा अर्थ अनेकदा उलटा लावला जातो. आनंदवनाने देणग्या नाकारल्या असे कोणी समजू नये. देणग्या आल्या, सरकारी जमीन मिळाली, परदेशातून पैसा आला, पु. ल. देशपांडे यांच्यासारखी माणसे पाठीशी उभी राहिली. अनेकांनी पोस्टाने मनीऑर्डरी पाठवल्या. मनीऑर्डर ही त्या काळातली क्लिकच होती. पाठवणाऱ्याने वरोरा पाहिलेले असेलच असे नाही.

माझ्या दृष्टीने आनंदवनाच्या सुरुवातीच्या काळातला सर्वांत मोलाचा प्रसंग भाजीचा आहे. कुष्ठरुग्णांनी खडकाळ जमिनीतून भाजीपाला काढला. पण वरोऱ्यात तो विकत घ्यायला कोणी तयार नव्हते. रोगाची भीती होती. १९५० च्या दशकात आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांची एक तुकडी इमारती बांधायला आनंदवनात येऊन राहिली. ही परदेशी मुले तिथेच जेवतात, तिथलीच भाजी खातात, हे गावाने पाहिले. हळूहळू वरोऱ्याचे लोक आनंदवनाची भाजी आणि दूध विकत घेऊ लागले.

त्या दिवसापर्यंत वरोऱ्याच्या माणसाला कुष्ठरुग्णाला भीक घालता येत होती. भीक घालणे सोपे होते. वरून नाणे टाकले की झाले. भाजी घेणे अवघड होते, कारण भाजी घेताना समोरचा माणूस भाव सांगतो, आपण घासाघीस करतो, वांगे किडके निघाले तर दुसऱ्या दिवशी जाऊन सुनावतो. म्हणजे त्याला माणसाच्या व्यवहारात घेतो. मराठीत ‘मिंधा’ असा एक नेमका शब्द आहे. भीक घेणारा मिंधा होतो, भाजी विकणारा होत नाही. वरोऱ्याच्या बाजारात जे बदलले ते कोणत्याही देणगीच्या पावतीवर लिहिता आले नसते.

इथे क्लिकच्या बाजूचा एक मुद्दा मांडला पाहिजे. अनोळखी माणसाने दूर कुठून तरी पाठवलेल्या पैशाने मिंधेपण उलट कमी होते, असे म्हणता येईल. गावच्या सावकाराने, पुढाऱ्याने किंवा भावकीने केलेली मदत माणूस जन्मभर फेडत बसतो. सांगलीच्या की शिकागोच्या कुणा अनोळखी माणसाने पाठवलेले ५०० रुपये कोणी परत मागत नाही, लग्नात टोमणाही मारत नाही. हा मुद्दा खरा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. पूर आला, घर पडले, अशा वेळी तर थेट खात्यात आलेली रक्कम जुन्या कपड्यांच्या ट्रकपेक्षा कितीतरी बरी. काय घ्यायचे ते निदान घरातली बाई ठरवते. २०२२ च्या पावसाळ्यात वर्धा नदीच्या पुराने आमच्या भागाला झोडपले. अशा वेळी हातातल्या रोख पैशाला तोड नसते.

अडचण पैसा पोहोचल्यानंतरची नाही. तो मिळवण्यासाठी आधी काय करावे लागते, तिथे ती सुरू होते.

४

फोनवर येणारी मदतीची आवाहने मी गेली काही वर्षे वहीत उतरवून ठेवतो. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या लेखनाकडे लक्ष दिले पाहिजे, कारण तो आता एक पक्का लेखनप्रकार झाला आहे. त्याला ठरलेला आकार आहे. आधी छायाचित्र: रुग्णालयाची खाट, नाकात नळी, शक्यतो लहान मूल. मग आजाराआधीचे एक हसरे छायाचित्र. मग आईच्या किंवा वडिलांच्या तोंडी लिहिलेला मजकूर, बहुधा त्यांनी स्वतः न लिहिलेला. मग खर्चाचा आकडा, डॉक्टरांचे पत्र, मुदत. शेवटी तुम्ही. तुमच्या एका क्लिकने हा जीव वाचू शकतो. कथेचा नायक शेवटच्या ओळीत प्रवेश करतो आणि तो वाचणारा असतो. खाटेवरच्या मुलाला या कथेत बोलण्यासारखे काही नसते.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू ही मदत गोळा करणारी मंडळे गेल्या दशक-दीड दशकातली. त्यांच्यामुळे उपचार मिळालेली माणसे आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. २०२१ च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका तान्ह्या बाळासाठी लोकांनी सुमारे १६ कोटी रुपये जमवले. एसएमए हा स्नायूंचा दुर्मीळ जनुकीय आजार. त्यावरचे एक इंजेक्शन अमेरिकेतून आणायचे होते. त्यावरचे आयात शुल्क आणि जीएसटी मिळून सहा कोटींहून अधिक होत होते. ते केंद्र सरकारने माफ केले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की लोकांची सारी उदारता एका बाजूला जमा झाल्यावरही कराचा प्रश्न सरकारी सहीनेच सुटला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमधल्या आणखी एका मुलीसाठी असाच निधी जमला, इंजेक्शनही मिळाले. पण ऑगस्टमध्ये ती गेली. यात देणाऱ्यांचा दोष नाही आणि आईवडिलांचा तर नाहीच. आपल्या लेकरासाठी कोणीही हेच करील.

प्रश्न आहे तो या रांगेत कोण उभे राहू शकते हा. त्यासाठी आमच्याकडचा एक आजार पाहू. चंद्रपूर-गडचिरोलीत आदिवासी आणि दलित समाजांत सिकलसेल आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीत झाली. विदर्भात तो घरोघरच्या बोलण्यातला शब्द आहे. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते. त्यावर एकदाच द्यायचे १६ कोटींचे इंजेक्शन लागत नाही. लागते ते असे: लग्नाआधी आणि बाळंतपणात रक्ताची तपासणी, फॉलिक ॲसिडची गोळी, हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, वेळ पडली तर रक्ताची पिशवी, आणि हे सगळे वर्षानुवर्षे, न चुकता. गोळी स्वस्त आहे. महाग आहे तो तिचा सातत्याने होणारा पुरवठा.

या आजाराचे आवाहन लिहून पाहा. छायाचित्रात काय दाखवाल? मुलगी शाळेत जाते, महिन्यातून चार दिवस अंथरुणाला खिळते, पुन्हा जाते. मुदत कुठली लिहाल? आकडा काय टाकाल? जो आजार कथेत बसत नाही त्याला क्लिक मिळत नाही. आणि जी आई माडिया किंवा गोंडी बोलते, जिच्या पाड्यावर फोनला नेटवर्क धरायला टेकडीवर जावे लागते, तिला तर कथा सांगायची सोयही नाही. मदतीची रांग गरजेप्रमाणे लागत नाही, सांगण्याच्या कुवतीप्रमाणे लागते. लेखन हाच ज्यांचा व्यवहार आहे अशा आपल्यासारख्यांना ही गोष्ट अस्वस्थ करणारी वाटली पाहिजे.

याच मुलीला कायद्याने काय देय आहे? अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. म्हणजे तिला प्रमाणपत्र मागता येते. राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. यातले किती तिच्यापर्यंत येते हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण ते आले नाही तर कोणाचे दार वाजवायचे हे ठरलेले आहे. आवाहनाला दार नसते.

याच संदर्भात दादाजी खोब्रागडे आठवतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा अल्पभूधारक शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या धानात त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वाढवल्या. त्यातून जो बारीक तांदूळ आला त्याला तेव्हाच्या घड्याळावरून एचएमटी असे नाव पडले. आज हा तांदूळ विदर्भाबाहेरही कित्येक घरांत शिजतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसारित केले आणि श्रेयाचा वाद दादाजींच्या अखेरपर्यंत संपला नाही. सत्कार झाले, पुरस्कार मिळाले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी त्यांच्या उपचारांसाठी मदत हवी असल्याच्या बातम्या फोनवरून फिरत होत्या. लोकांनी त्या हळहळून पुढे पाठवल्या. पण दादाजींना देणगी देय नव्हती, वाटा देय होता. ज्याने दाणा दिला त्याच्यावर दात्याची वाट पाहण्याची वेळ आली, याला दानाचा अभाव म्हणता येणार नाही. हिशेब चुकता न करण्याचा तो परिणाम होता.

५

मग बाहेरचा पैसा आणि घेणाऱ्याचा आवाज यांची सांगड बसते तरी कुठे? शोधग्रामचाच दाखला घेऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था गडचिरोलीत सुरू केली. आदिवासींनी दवाखान्यात यावे यासाठी आधी त्यांनाच विचारले गेले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, असे लोकांनी सांगितले. म्हणून दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा झाला आणि त्याला त्यांच्या देवीचे, दंतेश्वरीचे, नाव मिळाले. नकाशा काढण्याआधी घेणाऱ्याचे म्हणणे ऐकले गेले.

नवजात बाळांच्या मृत्यूंवरचे त्यांचे काम जगाला ठाऊक आहे. ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करणे, ही कामे त्या घरी जाऊन करीत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर. पुढे देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत आली, तिची मुळे इथे आहेत.

५.३ डॉलर हा आकडा वाचला की क्लिकचा पुरस्कर्ता आनंदून जाईल. एवढ्याशा पैशात जीव वाचतो, मग पाठवा पैसे! पण ही किंमत स्वस्त का पडली ते पाहिले पाहिजे. आरोग्यदूत त्या गावची सून किंवा लेक होती. मध्यरात्री हाक मारली तर ती यायची; नाही आली तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिला चार बायका विचारणार होत्या. पैसा बाहेरचा होता, पण जबाबदारी गावात होती. तो पैसा क्लिकने आला असता की चेकने, काही फरक पडला नसता. ही विहिरीवरची विचारणा मात्र कुठल्याही संकेतस्थळावर विकत मिळत नाही.

दुसरे उदाहरण धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा. वनहक्क कायदा २००६ चा. या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. त्यानंतर गावाने आपला बांबू आपण विकला. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या मित्रांनी वर्षानुवर्षे गावाबरोबर बसून अभ्यास केला. त्यांनी गावाला निधी मिळवून देण्यापेक्षा कायदा वाचायला सोबत दिली. त्या परवाना-पुस्तकाची छापील किंमत काही रुपये असेल. त्याने जे झाले ते कोणत्याही निधी-संकलनाने झाले नसते.

६

आता माजरी. बाहेरच्या माणसाला आमचे गाव मदतीला पात्र वाटू शकेल. धूळ आहे, पाण्याचा प्रश्न आहे, खोकणारी म्हातारी माणसे आहेत. एखाद्या धुळीने माखलेल्या पोराचे छायाचित्र काढून आवाहन लिहिले तर क्लिक मिळतील. मला ते नको आहे, आणि त्याचे कारण अभिमान नाही, आकडेमोड आहे.

कोळशाच्या किमतीवर १४ टक्के रॉयल्टी असते. खाण कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करायचे ठरले. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम त्यात भरायची. १४ चे ३० टक्के म्हणजे ४.२. शंभर रुपयांच्या कोळशामागे ४ रुपये २० पैसे खाणबाधित लोकांसाठी बाजूला पडतात. हा आकार कोळशाच्या बिलात लागतो, तिथून विजेच्या खर्चात जातो. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या वीजकेंद्रातून निघालेल्या विजेवर मुंबई-पुण्यात पंखा फिरतो, तेव्हा तो लावणारा आपल्या नकळत काही अंश या निधीला देत असतो. याहून बिनकष्टाचे देणे जगात सापडणार नाही. त्याला क्लिकही करावी लागत नाही. फार तर पंख्याचे बटण दाबावे लागते.

गंमत अशी की या देण्याला कोणी दान म्हणत नाही आणि म्हणूही नये. आमच्या पायाखालची जमीन खणली गेली, त्याचा तो मोबदला आहे. निधीतली मोठी रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा कामांवरच खर्च करावी असे नियम सांगतात; आधी ते प्रमाण किमान ६० टक्के होते, २०२४ पासून ७० टक्के झाले. किती पैसा जमला, कोणती कामे घेतली, कोणाला लाभ मिळाला, बैठकीत काय ठरले, हे प्रतिष्ठानाने संकेतस्थळावर ठेवायचे असते. म्हणजे इथेही क्लिक आहेच. फरक इतकाच की ती करायची आहे माजरीच्या माणसाने, हिशेब पाहायला.

ही क्लिक मात्र फारसे कोणी करीत नाही. त्या पानांवरची भाषा कार्यालयीन, तक्ते गुंतागुंतीचे, कामांची नावे त्रोटक. कोणत्या वस्तीतले कोणते काम ते कळण्यासाठी शेजारी बसून वाचून दाखवणारे कोणीतरी हवे. मेंढ्यात कायदा वाचायला कोणी सोबत बसले होते, तसे. शहरातल्या ज्या वाचकाला खरोखर काही करावेसे वाटते, त्याच्यासाठी हे काम आहे. तेही घरबसल्या होण्यासारखे आहे: एक तक्ता उघडावा, त्याचे सोप्या मराठीत रूपांतर करावे, ते गावातल्या ओळखीच्या माणसाला पाठवावे आणि त्याचे प्रश्न ऐकावेत. हे ‘पुढे पाठवा’ इतके सोपे नाही, पण डोंगर चढण्याइतके अवघडही नाही.

ऑनलाइन मदतीने गरजवंताला फायदा होतो का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. पैसा पोहोचतो तितका फायदा होतो आणि तेवढ्यापुरती ती मदत द्यावी. खाटेवरच्या मुलाला सिद्धांत ऐकवण्यात अर्थ नाही. मात्र देण्यापूर्वी एवढे पाहावे की ज्याच्यासाठी पैसा जातो आहे त्याला या व्यवहारात विचारण्याची काही जागा आहे की नाही. काय हवे ते त्याने सांगितले का? पैसा वापरणारी संस्था गावाला उत्तर देते की केवळ देणगीदाराला छायाचित्रे पाठवते? आणि ज्यासाठी आपण दान देतो आहोत ते त्याचे कायद्याने देणे तर नाही ना? तसे असेल तर ५०० रुपये पाठवून थांबू नये. ते देणे वसूल करायला त्याला लागणारा कागद शोधून द्यावा.

आमच्या जिल्ह्यातून रोज कोळशाच्या गाड्या भरून जातात. त्यांच्यामागून येणाऱ्या ४ रुपये २० पैशांचा जमाखर्च माजरीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, असे मला वाटते. त्या कामाला ज्यांना वर्गणी द्यायची असेल त्यांनी जरूर द्यावी, आणि दिल्यावर हिशेबही मागावा.